लोणारचं वय किती, आणि कशावरून?

या सेमिस्टरला ओपन इलेक्टिव्हची यादी लागली तेव्हा वर्गातल्या बहुतेक मुलींनी बँकिंगवाला विषय घेतला, कारण त्याच्या नोट्स सीनियर्सकडून आयत्या मिळतात. आमची मराठी, एसवायबीए, त्यामुळे नवीन धोरणाप्रमाणे दुसऱ्या फॅकल्टीचा एक विषय घ्यावाच लागतो. मी जिऑलॉजी घेतलं. कारण एकच होतं, सिलॅबसच्या कागदावर चौथ्या युनिटमध्ये एका ओळीत 'लोणार' असं लिहिलेलं दिसलं. मी मेहकरची आहे, लोणार आमच्यापासून पाऊण तासावर, पुण्यात आल्यापासून बुलढाणा जिल्ह्याचं नाव कुठल्या पुस्तकात दिसलं की मला थांबून ते परत वाचावंसं वाटतं.

लहानपणी लोणारला किती वेळा गेले ते मोजलेलं नाही. शाळेची सहल, आत्याकडचे पाहुणे आले की एकदा, कमळजा देवीच्या यात्रेला आजीबरोबर. आजी दर वेळी तीच गोष्ट सांगायची, लोणासुराची. म्हणजे लवणासुर, तो जमिनीखाली लपून राहायचा, वर दगडाचं झाकण, आणि लोकांना छळायचा, मग विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेतलं आणि पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवलं, ते लांब जाऊन पडलं त्याची टेकडी झाली, आणि असुराला मारला त्याचं रक्त म्हणजे हे तळ्याचं पाणी, आणि मांस कुजलं त्याचा हा खार. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी पाहाच, त्यातलं कोरीवकाम बघताना मान दुखते तरी खाली करवत नाही.

तर सरांनी सांगितलं की परीक्षेऐवजी प्रत्येकाने एक पेपर लिहायचा, अडीच-तीन हजार शब्द, महाराष्ट्रातलं एखादं भूरूप. कोणी रांजणखळगे घेतले, निघोजचे, कोणी बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या लाव्हा खडकाचे, खांब. मी अर्थात लोणार. मला वाटलं हे माझं घरचंच आहे, दोन रात्रीत होईल.

आणि झालंही. पहिला ड्राफ्ट खरंच दोन रात्रीत झाला. मराठीत सर्च केलं, पर्यटनाच्या साईट्स उघडल्या, पाच-सहा व्हिडिओ पाहिले, सगळीकडे तेच आकडे, मग ते बरोबरच असणार असं मी धरलं. 'सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी उल्का पडून तयार झालेलं, बेसॉल्ट खडकातलं जगातलं एकमेव विवर.' व्यास १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. शेवटी मी स्वतःचं म्हणून एक पॅरेग्राफ घातला होता, तो मला फार आवडला होता. त्यात असं लिहिलं होतं की ५२ हजार वर्षांपूर्वी इथे माणूस असेल, त्याने आकाशातून आग पडताना पाहिली असेल, आणि तीच आठवण पिढ्यान् पिढ्या सांगत सांगत लोणासुराची गोष्ट झाली. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला हे लिहिताना अंगावर काटा आला होता.

सरांनी ड्राफ्ट परत दिला तेव्हा त्यावर लाल काही नव्हतं. पेन्सिलीने चार ठिकाणी समासात एकच शब्द, 'कशावरून?' ५२ हजारपुढे एक, 'एकमेव'पुढे एक, 'उल्का पडून'पुढे एक, आणि माझ्या त्या आवडत्या पॅरेग्राफपुढे एक. मार्क नाहीत, शेरा नाही. तीन आठवडे आहेत, एवढंच म्हणाले.

पुढचे तीन आठवडे मी ज्या पद्धतीने शोधत गेले ते सविस्तर लिहून ठेवायचंय, कारण आर्ट्सच्या मुलांना सायन्सचा पेपर वाचायची वेळ आली की नेमकं कुठे अडतं हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिली अडचण शब्दांची. आपल्याला ज्या शब्दाने गोष्ट माहीत असते त्या शब्दाने तिचा अभ्यास सापडत नाही. 'लोणार सरोवर' टाकलं की हॉटेलं, रूट, फोटो, उल्केचं रहस्य वगैरे. मला आधी हे कळायला हवं होतं की या विषयातली माणसं त्याला काय म्हणतात. त्यासाठी मी डिपार्टमेंटच्या लायब्ररीतलं फर्स्ट इयरचं जिऑलॉजीचं पुस्तक घेतलं आणि खडकांची दोन प्रकरणं आणि आघात विवरांचं, म्हणजे उल्का आदळून झालेल्या खड्ड्यांचं, एक प्रकरण असं सरळ वाचून काढलं, समजो न समजो. मागच्या कोऱ्या पानावर मी शब्द उतरवत गेले. एका बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत, दुसऱ्या बाजूला माझ्या भाषेत अर्थ. ब्रेशिया म्हणजे तुटक्या टोकदार तुकड्यांचा परत घट्ट झालेला खडक. इजेक्टा म्हणजे आघाताने खड्ड्यातून बाहेर उडून आजूबाजूला पसरलेला माल. ट्रॅप, म्हणजे आपले डेक्कन ट्रॅप, ते स्वीडिश भाषेतल्या पायरी या शब्दावरून आलंय, आणि हे वाचल्यावर मला घाटातून येताना दिसणाऱ्या सह्याद्रीच्या पायऱ्या पायऱ्या आठवल्या, लाव्हाचा एकेक थर म्हणजे एकेक पायरी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा. त्याच थरांवर लोणारचा खड्डा आहे, म्हणजे खडक फार जुना आणि खड्डा त्या मानाने कालचा, हे दोन वेगळे आकडे आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. बऱ्याच लेखांत हे दोन्ही सरमिसळ झालेले असतात.

चाळीसेक शब्द झाले आणि मग मी परत सर्चला बसले, आता शब्द होते, 'लोणार क्रेटर', 'शॉक मेटामॉर्फिझम' (आघाताच्या झटक्याने खडकात होणारे बदल), 'बेसॉल्ट'. गूगल स्कॉलरवर एकदम वेगळं जग उघडलं. हॉटेलं गायब.

दुसरी अडचण, पेपर बंद असतात. नाव दिसतं, वरचा आठ-दहा ओळींचा सारांश दिसतो, आणि पुढे पैसे भरा. पण तो सारांश सुद्धा फुकटचा खजिना आहे हे मला सरांनी सांगितलं, आणि हेही सांगितलं की नासाची एडीएस नावाची साईट आहे तिथे खगोल आणि ग्रहविज्ञानातले जुने पेपर स्कॅन करून ठेवलेत, आणि अमेरिकेत दरवर्षी चंद्र आणि ग्रहांवरची एक मोठी परिषद होते तिचे दोन-दोन पानांचे लेख सगळ्यांना मोकळे असतात. दोन पानं! मला ते फार सोयीचं पडलं, कारण वीस पानांचा पेपर बघून जी छाती दडपते ती दोन पानांनी दडपत नाही, आणि बहुतेक वेळा तीच माणसं तोच विषय नंतर मोठ्या पेपरात लिहितात. उरलेले दोन पेपर आमच्या हॉस्टेलमधल्या पीएचडी करणाऱ्या ताईने तिच्या विद्यापीठाच्या लायब्ररीतून रीतसर मिळवून दिले.

तर पहिलं 'कशावरून', उल्का पडली कशावरून. हा प्रश्न मला खरं तर थोडा अपमानास्पद वाटला होता, कारण हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण सगळ्यांना माहीत व्हायला दीडशे वर्षं लागलीत! १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी तिथे आला आणि त्याने या जागेची नोंद केली, आणि तेव्हापासून पुढे बराच काळ ते ज्वालामुखीचंच काम आहे असं अभ्यासकांना वाटत होतं, आणि त्यात वावगं काय, सगळीकडे लाव्हाचा दगड, मधे गोल खड्डा, दुसरं काय वाटणार.

मग १८९६ मध्ये छापलेलं एक भाषण सापडलं, ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाचं. ॲरिझोनात असाच एक गोल खड्डा आहे, त्याच्या आसपास लोखंडी उल्केचे तुकडे पडलेले, आणि गिल्बर्टला ठरवायचं होतं की हा उल्केने झाला की वाफेच्या स्फोटाने. त्याने दोन परीक्षा ठरवल्या. एक, एवढी मोठी लोखंडी उल्का खाली गाडलेली असेल तर होकायंत्राची सुई हलली पाहिजे. दोन, ती खाली जागा अडवून बसली असेल तर कडेवर उपसलेला माल खड्ड्याच्या मापापेक्षा जास्त भरला पाहिजे. मोजलं. सुई हलली नाही. माप बरोबर जुळलं. म्हणून त्याने निष्कर्ष काढला, उल्का नाही, वाफेचा स्फोट. त्याच संदर्भात त्याने आपल्या लोणारचंही साम्य नोंदवलं होतं. आणि त्याचा निष्कर्ष चुकला! आज ते ॲरिझोनाचं विवर उल्केचंच मानलं जातं, १९६० मध्ये तिथे कोएसाइट नावाचं खनिज सापडलं जे प्रचंड दाबाशिवाय तयार होत नाही. गिल्बर्टने मोजण्यात चूक केली नव्हती. एवढ्या वेगाने आलेली वस्तू आदळताना स्वतःच बहुतांश वितळून, वाफ होऊन, विखरून जाते, खाली गाडून बसत नाही, हे त्या काळात कोणाला माहीत नव्हतं. मी हे भाषण रात्री दीड वाजता वाचत होते आणि मला त्या माणसाबद्दल इतका आदर वाटला, कारण त्याने आपण कसं तपासलं ते पायरी पायरीने लिहून ठेवलं, म्हणून तर पुढच्यांना नेमकी कुठली पायरी निसटली ते दाखवता आलं. भाषणाचा विषयच मुळी असा होता की शास्त्रातला अंदाज सुचतो कुठून.

लोणारचं उत्तर १९७३ मध्ये आलं. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा 'सायन्स'मधला पेपर. त्यांनी तळ्याच्या तळाला भोकं पाडून खालचा खडक वर काढला आणि काठावर चर खणले. मी त्याचा सारांश दोन संध्याकाळी घेऊन वाचला, शब्दशः एकेक वाक्य, पेन्सिलीने तोडत. खालून जो ब्रेशिया निघाला त्यात मॅस्केलिनाइट होतं. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा उच्चार सुद्धा जमेना. बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचं पांढुरकं खनिज असतं, त्याला वातावरणाच्या दाबाच्या काही लाख पट असा एक झटका बसला तर त्याची आतली रचना मोडते आणि बाहेरचा आकार तसाच ठेवून ते काच होतं. कुठलाही ज्वालामुखी असा झटका देऊ शकत नाही. म्हणजे 'उल्का पडून' या दोन शब्दांचा आधार हा, एक खनिज जे आकाराने स्फटिक आहे आणि आतून काच आहे. शिवाय काठावरच्या चरांमध्ये वितळलेल्या खडकाचे थेंब, बारीक काचेचे गोलक मिळाले, आणि त्यांनी लिहिलंय की अपोलोने चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी ते मिळतेजुळते आहेत. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली माती आणि चंद्रावरची माती एका वाक्यात. मी ते वाक्य मोबाईलवर फोटो काढून बाबांना पाठवलं.

आणि हे मॅस्केलिनाइट जगात पहिल्यांदा ओळखलं गेलं ते कशात, तर बिहारमध्ये गया जिल्ह्यात शेरघाटी इथे १८६५ मध्ये पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आलेली आहे असं आता मानतात. याचा माझ्या पेपरशी फारसा संबंध नाही, पण अशा गोष्टी वाटेत सापडतात म्हणून तर शोधायला मजा येते, मी तळटीप म्हणून ठेवलीय.

'एकमेव'चं कोडं याच पेपरने सोडवलं. त्या १९७३ च्या सारांशात स्पष्ट लिहिलंय की बेसॉल्टमधलं पृथ्वीवरचं हे एकच ज्ञात आघात विवर आहे. तेव्हा ते खरं होतं. पण नंतर ब्राझीलमध्ये, पाराना खोऱ्यातल्या बेसॉल्टमध्ये, वार्जाऊं आणि विस्ता अलेग्रे अशी विवरं ओळखली गेली, वार्जाऊं तर बारा किलोमीटर व्यासाचं आहे. ती फार झिजलेली आहेत, लोणारसारखी वाटीच्या आकाराची सुबक राहिलेली नाहीत, म्हणून लोणारचं महत्त्व तसूभरही कमी होत नाही. पण 'एकमेव' हा शब्द पन्नास वर्षांपूर्वीचा आहे आणि तो अजून फिरतोय, एका साईटवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून व्हिडिओत, तिथून माझ्या ड्राफ्टमध्ये. मी तो काढून 'बेसॉल्टमधल्या विवरांपैकी सगळ्यात चांगलं टिकलेलं' असं केलं. माहिती चुकीची असतेच असं नाही, कधी कधी ती फक्त जुनी झालेली असते आणि तिच्यावरची तारीख कुठेतरी गळून पडलेली असते. म्हणून आता मी कुठलंही वाक्य वहीत उतरवताना पुढे साल लिहितेच.

आता वय. इथे मी पाच दिवस अडकले.

५२ हजार हा आकडा कुठून आला हे शोधायला मी मागे मागे जात राहिले, एका लेखाचा संदर्भ दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, आणि शेवटी १९९७ चा एक पेपर आला, सेनगुप्ता, भंडारी आणि वातानाबे यांचा, थर्मोल्युमिनिसन्सने काढलेलं वय, ५२ हजार, सहा हजार इकडेतिकडे. आणि मग मी उलट दिशेने गेले, म्हणजे स्कॉलरवर पेपरच्या खाली 'याचा उल्लेख कोणी केला' असं एक बटण असतं ते दाबलं. हे बटण मला आधी माहीत असतं तर निम्मा वेळ वाचला असता. तिथे फ्रेड जुर्दां आणि सहकाऱ्यांचा २०११ चा पेपर होता, आरगॉन पद्धतीने काढलेलं वय, ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार इकडेतिकडे.

५२ हजार आणि पावणेसहा लाख. मला आधी वाटलं शून्य चुकलंय. दोनदा तपासलं. मग सरांकडे गेले, म्हटलं सर, यातलं खरं कुठलं लिहू. ते म्हणाले, दोन घड्याळं आहेत, आधी दोन्ही घड्याळं कशी चालतात ते मला समजावून सांग, मग ठरव.

तर मी समजून घेतलं, आणि जसं समजलं तसं लिहिते. पहिलं घड्याळ कळशीसारखं आहे. जमिनीत थोडा नैसर्गिक किरणोत्सर्ग कायम असतो, त्याने खनिजाच्या आत थेंब थेंब ऊर्जा अडकत जाते. दगड खूप तापला की कळशी रिकामी होते, म्हणजे उल्का पडली तेव्हा शून्य. नंतर परत भरायला लागते. प्रयोगशाळेत तुम्ही तो तापवता, अडकलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते, प्रकाश किती त्यावरून काळ किती. पण कळशी गळकी असेल, किंवा काठोकाठ भरून गेली असेल, तर पुढचा काळ मोजलाच जात नाही, आणि वय कमी येतं. दुसरं घड्याळ पोटॅशियमचं. पोटॅशियम-४० सावकाश मोडत राहतं, त्यातल्या काहीचा आरगॉन वायू होतो, निम्मं मोडायला साधारण १२५ कोटी वर्षं. खडक वितळला की आतला आरगॉन उडून जातो, घड्याळ शून्यावर, आणि थिजल्यावर परत साठायला लागतो. इथे धोका उलटा आहे. मूळ खडक साडेसहा कोटी वर्षांचा, त्यातला जुना आरगॉन जर पूर्ण उडाला नसेल तर वय उगाच जास्त दिसेल. जुर्दांच्या पेपरचा मोठा भाग याच प्रश्नावर आहे, की जुना आरगॉन राहिलाय का, किती राहिलाय, तो वजा कसा करायचा. त्यांचं म्हणणं असं की बेसॉल्टचा रस पातळ असतो, त्यातून वायू सहज निसटतो.

म्हणजे एक घड्याळ चुकलं तर मागे पडून चुकणार आणि दुसरं पुढे जाऊन चुकणार. हे कळल्यावर मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन दहा मिनिटं नुसती फिरले, इतकं बरं वाटलं. मी पेपरमध्ये दोन्ही आकडे दिलेत, दोन्हींच्या पद्धती दिल्यात, आणि मला आरगॉनचा जास्त पटतो हे कारणासकट लिहिलंय, कारण त्यांनी स्वतःच्या पद्धतीतला धोका स्वतःच उघडा करून त्याचा हिशोब दाखवलाय. एका आर्ट्सच्या मुलीने असं मत द्यावं का हा प्रश्न मनात आला होता, पण सर म्हणाले कारण दिलंस तर दे.

पण मग माझा तो पॅरेग्राफ गेला. पावणेसहा लाख वर्षांपूर्वी आपल्यासारखा माणूसच नव्हता, आपल्या जातीचे आत्तापर्यंतचे सगळ्यात जुने अवशेष मोरोक्कोत मिळालेत ते तीन लाख वर्षांच्या आसपासचे. म्हणजे ती आग पाहून गोष्ट सांगणारं कोणी नव्हतं. आणि ५२ हजार जरी धरलं तरी एवढा काळ एखादी आठवण तोंडातोंडी टिकते याला माझ्याकडे काय पुरावा होता, काहीच नाही, मला ते सुंदर वाटलं म्हणून मी लिहिलं होतं. तो पॅरेग्राफ सिलेक्ट करून डिलीट करताना मला खरंच वाईट वाटलं. आजीची गोष्ट माझ्या हातून खोटी ठरली असं काहीतरी.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मामाच्या गाडीवर बसून परत लोणारला गेले. आजीही म्हणाली मी येते, तिला मागून रिक्षाने आणलं, ती वरच, काठावरच्या धारेच्या म्हणजे झऱ्याच्या देवळात बसली. गुडघ्यांमुळे आता तिला खाली उतरवत नाही. मी आणि मामा कमळजेपर्यंत उतरलो. या वेळी मी पहिल्यांदा देवीकडे जाताना वाटेतल्या कड्याकडे पाहिलं. वरच्या बाजूला लाव्हाचे थर आडवे नाहीत, बाहेरच्या बाजूला कलंडलेत, जणू जमीन मधून फोडून कडा वर उचललीय. आमच्या मेहकरच्या रस्त्याला खाणीत हेच थर सपाट दिसतात. इतक्या वेळा इथे आले, कधी दिसलं नव्हतं.

काठावर आजीने दिलेल्या हळदीच्या पुडीतली चिमूट तळहातावर घेतली आणि तळ्याचं पाणी टाकलं. हळद लाल झाली, कुंकवासारखी. पाणी अल्कधर्मी असलं की हळद लाल होते, लोणारचं पाणी चांगलंच अल्कधर्मी आहे, सोड्याचं म्हणा ना, बाहेर जायला वाट नाही, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. जुन्या नोंदींमध्ये या खाराचे प्रकार नावांनिशी येतात, दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी, आणि तो साबणाला, काचेला वापरायचे. अकबराच्या काळच्या नोंदीत सुद्धा या भागात काच आणि साबण करायचं सामान मिळतं असं आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा लॉकडाऊन होतं, आम्हाला जाता आलं नाही, नुसते व्हिडिओ बघत होतो. नंतर आघारकर संस्थेने तपासलं, खारात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले.

एक गोष्ट मात्र मी घरी येऊन केली. तिथे पर्यटकांना दाखवतात की दगडाला चुंबक चिकटतं, म्हणून त्यात उल्केचं लोखंड आहे. माझ्या मनात पेन्सिलीतला तो शब्द आलाच. लोणारचे दगड उचलायचे नाहीत, ते अभयारण्य आहे, म्हणून मी जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं आणि आमच्या घरामागच्या ओढ्याच्या वाळूत फिरवलं. काळी वाळू केसांसारखी उभी राहिली. लोणारपासून इतक्या लांब! आपल्या बेसॉल्टमध्ये मुळातच मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं, चुंबकाला तो चिकटणारच. म्हणजे तो काही उल्केचा पुरावा नाही.

त्या दिवशी परत येताना धारेपाशी आजीशेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं, उल्का, काच, दोन घड्याळं. मला भीती होती तिला वाईट वाटेल. ती ऐकत होती, मधेच म्हणाली, "अवं, पण ते पानी खारट कामून आहे, ते तं कोणीतरी सांगाव लागंलच ना." मी तेव्हा हो म्हटलं, आणि ते वाक्य रात्री झोपताना परत डोक्यात आलं. आजीच्या गोष्टीत एकही तपशील फुकट नाहीये. खड्डा गोल, म्हणून झाकण. पाणी खारट, रंग बदलणारं, म्हणून रक्त. काठावर पापुद्रे, म्हणून मांस. लांबवर एक सुटी टेकडी, म्हणून झाकण तिकडे पडलं. ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांनी ती जागा फार बारकाईने पाहिली होती, समोर जे जे दिसतंय त्या प्रत्येकाचं उत्तर गोष्टीत आहे. ती आठवण नाहीये, ते स्पष्टीकरण आहे. मी उठून लॅपटॉप उघडला आणि डिलीट केलेल्या पॅरेग्राफच्या जागी हे लिहिलं, आणि याला मला आधार देता आला, कारण गोष्टीतला तपशील आणि जागेवरचा तपशील शेजारी शेजारी ठेवता येतो. लीळाचरित्रातही लोणार येतं, चक्रधरस्वामी तिथे गेले होते, त्याचा एक वेगळा लेख होईल, तो मराठीच्या पेपरला ठेवलाय.

सबमिशनच्या चार दिवस आधी आजीचा फोन आला, जेवली का वगैरे झाल्यावर म्हणाली, "मंग येवढा मोठा गोटा वरून पडला, तं तो गेला कुठी?"

मला गिल्बर्ट आठवला. तोच प्रश्न. वाफ झाली, वितळून विखुरला, हे मी तिला सांगितलं, पण सांगताना लक्षात आलं की लोणारबद्दल मी हे नुसतं गृहीत धरलंय, वाचलेलं नाही. मग परत शोधलं. काठावरच्या मातीतले ते बारीक काचेचे गोलक आहेत ना, त्यांच्यात निकेल, कोबाल्ट, क्रोमियम आजूबाजूच्या बेसॉल्टपेक्षा जास्त सापडलंय, आणि तो जास्तीचा भाग आलेल्या पाहुण्याचा, कॉन्ड्राइट नावाच्या दगडी प्रकारच्या उल्केचा, असं २००९ च्या एका पेपरमध्ये मांडलंय. म्हणजे गोटा तिथेच आहे, फक्त वाळूच्या कणाएवढ्या थेंबांत मिसळून. दुसऱ्या दिवशी आजीला हे सांगितलं तेव्हा ती शेजारणीला ऐकवायला म्हणून फोन स्पीकरवर ठेव म्हणाली आणि मला सगळं पहिल्यापासून परत सांगावं लागलं.

तो भाग पेपरात शेवटून दुसरा आहे. ऋणनिर्देशात सर, हॉस्टेलची ताई, मामा आणि आजी अशी चार जणांची नोंद केलीय, आजीच्या नावापुढे 'उल्केचे अवशेष कुठे गेले हा प्रश्न' असं लिहून. सरांनी अंतिम प्रत तपासली तेव्हा तिथे पेन्सिल लावली नाही. ५ लाख ७० हजारपुढे मात्र परत एक बारीक प्रश्नचिन्ह आहे, त्याबद्दल सोमवारी बोलू म्हणालेत.